दोन सिंहस्थांमधले एक तप : एचआयव्ही-बाधितांची शुश्रूषा आणि लोकसंस्था

बारा वर्षांच्या कालखंडाला आपल्या भाषेत 'तप' म्हणतात. उज्जैनच्या क्षिप्राकाठी, रामघाटावर, हे तप डोळ्यांना दिसते. गुरू सिंह राशीत आला की तेथे सिंहस्थ भरतो आणि एरवी पायऱ्यापायऱ्यांनी शांतपणे उतरणारा तो घाट महिनाभर माणसांनी भरून जातो. मराठी वाचकाला हे स्थळ परके नाही. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांच्या काळी नाशिकच्या साधूंना उज्जैनला बोलावून या मेळ्याला आजचे रूप दिले गेले, अशी परंपरा सांगतात. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले, आणि शिंदेशाहीबरोबर गेलेली मराठी कुटुंबे माळव्यात स्थायिक झाली. अलीकडच्या काळात १९८०, १९९२, २००४ व २०१६ या साली सिंहस्थ झाले.

यांपैकी मधल्या दोन वर्षांकडे प्रस्तुत लेखात लक्ष वेधावयाचे आहे, पण त्याचे कारण यात्रा हे नाही. १९९२ च्या एप्रिल-मे महिन्यांत रामघाटावर स्नाने चालू होती, त्याच वर्षी भारत सरकारने राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन केली, गोव्यात एका मरणोन्मुख तरुणाने बाधितांची संस्था उभी केली, आणि सांगलीत धंदा करणाऱ्या स्त्रियांच्या वस्तीत एका नव्या कामाचा आरंभ झाला. पुढचा सिंहस्थ ५ एप्रिल २००४ रोजी सुरू झाला. त्याच्या चारच दिवस आधी, १ एप्रिल २००४ रोजी, सरकारी रुग्णालयांतून एचआयव्हीवरील औषधे मोफत मिळू लागली. म्हणजे या रोगाच्या भारतीय इतिहासातील सर्वांत कठीण तप, ज्यात आजार होता पण गरिबाला औषध नव्हते, ते रामघाटावरच्या दोन सिंहस्थांमध्ये नेमके बसते. या तपात रुग्णांची शुश्रूषा कोणी केली, हा आपला प्रश्न आहे. पाळक, धर्मगुरू आणि कॅटेकिस्ट यांनी तो विचारणे अगत्याचे आहे, कारण उत्तर सर्वस्वी आपल्या बाजूचे नाही.

प्रथम पूर्वपीठिका. भारतात एचआयव्हीचा संसर्ग १९८६ मध्ये मद्रासला प्रथम आढळला. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी धंदा करणाऱ्या काही स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा हा प्रकार उघड झाला. त्यानंतर सरकारी यंत्रणेची पहिली प्रतिक्रिया शुश्रूषेची नव्हती, कोंडण्याची होती. १९८९ मध्ये संसदेत मांडलेल्या एड्स प्रतिबंधक विधेयकात बाधितांना अडकवून ठेवण्याचे अधिकार होते. विरोध झाल्यावर ते मागे घेण्यात आले. १९९० मध्ये मुंबईच्या कुंटणखान्यांतून काहीशे तामिळ स्त्रियांना खास रेल्वेगाडीने मद्रासला नेण्यात आले. गाडीच्या नावात 'मुक्ती' हा शब्द होता. तेथे त्यांच्या संमतीवाचून रक्ततपासणी झाली आणि बाधित निघालेल्यांना स्थानबद्ध ठेवले गेले. त्यांच्या सुटकेसाठी मद्रास उच्च न्यायालयात जावे लागले.

पण या काळातील सर्वांत बोलका प्रसंग गोव्यातला आहे. पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा तिशीच्या आतबाहेरचा ख्रिस्ती तरुण नियमाने रक्तदान करीत असे. त्याचे रक्त तपासले गेले, त्याला काही न सांगता. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी त्याला म्हापसा पोलीस ठाण्यात बोलावले आणि तेथून थेट एकांतात नेऊन ठेवले. जागा होती वापरात नसलेले एक क्षयरोग रुग्णालय. आपल्याला काय झाले आहे हे त्याला डॉक्टरच्या तोंडून रीतसर कळण्याआधी पोलिसांच्या पहाऱ्यातून कळले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात १९८६ साली झालेल्या दुरुस्तीने एचआयव्ही-बाधितास विलग ठेवणे सक्तीचे केले होते, आणि त्या कलमाचा बळी म्हणून तो ६४ दिवस बंदिवासात राहिला.

त्याची आई ल्युसी डिसोझा हिने मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे याचिका केली. वकील होते आनंद ग्रोव्हर. अंतरिम आदेशाने डॉमिनिक घरी आला. अंतिम निकाल मात्र कायद्याच्या बाजूने लागला. व्यक्तीचे हित आणि समाजाचे हित यांत संघर्ष आला तर समाजाचे हित वरचढ ठरते, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. सक्ती पुढे अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपवण्यात आली, एवढीच त्या कलमात सुधारणा झाली.

खटला हरल्यावर काय करावे, याचे डॉमिनिकने दिलेले उत्तर इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्याच्यासाठी रस्त्यावर उतरलेले मित्र, महाविद्यालयीन शिक्षक आणि नाट्यकर्मी होते. त्यांत इझाबेल दि सांता रीता वाझ यांचा वाटा मोठा होता. त्यांच्या सोबतीने त्याने १९९२ मध्ये 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली. बाधित माणूस हा केवळ उपचाराचा विषय नसून उपचाराचा कर्ता आहे, ही कल्पना त्या नावातच आहे. २७ मे १९९२ रोजी मुंबईत त्याचा मृत्यू झाला. रामघाटावरचा मेळा उठून तेव्हा दोनच आठवडे झाले होते. संस्था मात्र टिकली. समुपदेशन, घरभेटी आणि शाळा-महाविद्यालयांतील प्रबोधन हे तिने गोव्यात चालविलेले काम आहे.

येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. हा तरुण आपल्यातला होता. त्याचे नाव, त्याचा गाव, त्याच्या आईचा विश्वास, सारे आपल्या ओळखीचे. तरीही या लढ्याचा आधार म्हणून ज्यांची नावे नोंदली गेली ती वकिलांची, नाटकवाल्यांची आणि शिक्षकांची आहेत. मंडळीतील व्यक्ती त्यांत होत्याच, पण मंडळी म्हणून आपण त्या वेळी बहुधा वेगळ्याच चौकशीत गुंतलो होतो : संसर्ग कसा झाला? रक्तातून की आणखी कशातून? या प्रश्नाच्या उत्तरावर आपली करुणा मोजली जात असे. पतीकडून बाधा झालेली स्त्री आणि जन्मतः बाधित बालक यांना 'निष्पाप रुग्ण' म्हणण्याची प्रथा त्याच काळात प्रवचनांतून रूढ झाली. ज्याला तसे म्हटले नाही त्याच्याविषयी काय ध्वनित होते, हे ऐकणाऱ्या रुग्णाला बरोबर समजत होते, आणि त्यानंतर तो आपल्या दारी येत नसे.

कुष्ठरोगाच्या बाबतीत आपला इतिहास निराळा होता, हे खरे. वेलस्ली बेली यांनी १८७४ मध्ये स्थापन केलेल्या कुष्ठरोग मिशनपासून मिरज, चांदखुरी इत्यादी ठिकाणच्या कामापर्यंत, ज्याला कोणी शिवत नव्हते त्याला मिशनऱ्यांनी शिवले. या परंपरेचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा. पण तिची एक मर्यादाही होती. आश्रय हा गावापासून दूरचा आश्रय होता. १८९८ च्या कुष्ठरोगी कायद्याने रस्त्यावरच्या निराधार रुग्णाला पकडून आश्रमात धाडण्याची सोय केली, आणि मिशनचे आश्रम त्या व्यवस्थेचा भाग बनले. रुग्णाला अन्न, औषध, प्रार्थना, सर्व मिळे. निर्णय मात्र अधीक्षकाचा. बाबा आमटे यांनी आनंदवनात रुग्णाच्या हाती कुदळ दिली तेव्हा हे चित्र पालटू लागले. एचआयव्हीच्या आरंभकाळात आपल्या अनेक संस्थांच्या मनात जुन्या आश्रमाचाच नकाशा होता. नव्या रोगाला तो पुरणार नव्हता. हा रुग्ण वर्षानुवर्षे हिंडताफिरता, कमावता असे. त्याला भिंतीआड ठेवण्याचे वैद्यकीय कारणच नव्हते, कारण स्पर्शाने, श्वासाने, एका ताटात जेवल्याने हा विषाणू पसरत नाही.

आता सांगलीकडे वळू. सांगली-मिरज हा परिसर वैद्यकीय सेवेसाठी प्रसिद्ध आहे. विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये स्थापिलेले मिशन रुग्णालय आपणां सर्वांना ठाऊक आहे. सांगलीच्या गोकुळनगरातील वस्ती त्या रुग्णालयापासून काहीच मैलांवर, पण दुसऱ्या जगातली. तेथील अनेक स्त्रिया सीमाभागातून, सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेल्या कुटुंबांतून आलेल्या. देवदासी प्रथेला मुंबई प्रांतात १९३४ मध्ये आणि कर्नाटकात १९८२ मध्ये कायद्याने बंदी झाली. परंतु बंदीने प्रथा नाव बदलते, पोट बदलत नाही.

१९९२ मध्ये मीना सरस्वती शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'संपदा ग्रामीण महिला संस्थे'ने, म्हणजे 'संग्राम'ने, येथे काम आरंभिले. आरंभीचे काम अगदी साधे होते : निरोध पोहोचविणे आणि वापरावयास सांगणे. सरकार कुटुंबनियोजनासाठी १९६८ पासून निरोध वाटत होते, पण या वस्तीत तो माल देणाऱ्याला त्याची लाज वाटे आणि घेणारीला त्याचा उपयोग पटत नसे. गिऱ्हाइकाने नकार दिला तर काय करावे, हे बाहेरून आलेली शिकलेली कार्यकर्ती सांगू शकत नव्हती. शेजारच्या खोलीतली बाई सांगू शकत होती. म्हणून वाटपाचे काम त्या स्त्रियांनीच हाती घेतले. साऱ्या गल्लीने एकच नियम पाळला तर गिऱ्हाईक एका दारातून नकार घेऊन दुसऱ्या दारी जाऊ शकत नाही, हे त्यांनी ओळखले. जे काम आरोग्यखात्याला भित्तिपत्रकांनी साधले नाही ते त्यांच्या एकीने साधले.

१९९६ मध्ये या स्त्रियांनी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही आपली स्वतंत्र संघटना नोंदविली. नावातला पहिला शब्द पाळकाला खटकेल. खटकावा म्हणूनच तो त्यांनी ठेवला असावा, असे मला वाटते. दुसरा शब्द मात्र लक्षात घ्यावा. त्यांनी मागितली ती अन्यायापासून मुक्ती. धंद्यातून उचलून नेणारी मुक्ती त्यांनी कोणाकडे मागितली नव्हती. १९९० च्या त्या रेल्वेगाडीचे नाव आठवले म्हणजे हा भेद किती जिवाचा होता हे कळते. पश्चिम महाराष्ट्रातील जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडे निपाणीच्या बाजूला या संघटनेचे काम पसरले. पुढे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी यांचीही 'मुस्कान' नावाची संघटना याच मुळापासून निघाली.

औषध नसलेल्या काळात शुश्रूषा म्हणजे नेमके काय, ते पाहू. बाधा झाल्यापासून आजार बळावेपर्यंत सर्वसाधारणपणे आठ-दहा वर्षे जातात. त्यानंतर क्षय, न थांबणारे जुलाब, तोंडात व घशात बुरशी, मेंदूज्वर असे एकामागून एक आजार येतात. त्यांतील बहुतेकांवर स्वस्त, जुने उपाय होते; पण ते रुग्णालयात होते आणि रुग्णालयाच्या दारात रुग्णाला हटकले जात होते. म्हणून पहिली शुश्रूषा म्हणजे सोबत. चिठ्ठी काढण्याच्या खिडकीशी उभी राहणारी, 'हिला आधी तपासा' असे डॉक्टरला सांगणारी, खाटेखाली नव्हे तर खाटेवर जागा मागणारी दुसरी बाई. दुसरी शुश्रूषा घरातली : मीठ-साखरेचे पाणी, पेज, अंग पुसणे, अंथरूण बदलणे. आणि शेवटची शुश्रूषा मृत्यूनंतरची. खांदा द्यायला नातेवाईक येत नसत. वस्तीतल्या स्त्रियांनी खांदा दिला. अनाथ झालेल्या मुलांचेही त्यांनीच पाहिले.

याच वर्षांत जगात इतरत्र हेच घडत होते, हे सांगणे उचित होईल. युगांडात नोएरीन कालीबा यांनी पतीच्या आजारपणाच्या अनुभवातून १९८७ मध्ये 'टासो' ही आधारसंस्था काढली. झांबियात साल्वेशन आर्मीच्या चिकनकाटा रुग्णालयाने त्याच सुमारास रुग्णांना वॉर्डातून घरी पाठवून परिचारिकांना गावोगाव धाडावयास प्रारंभ केला, आणि मिशन रुग्णालयाला आपल्या भिंतींबाहेर पडता येते हे दाखवून दिले. युगांडातीलच अँग्लिकन धर्मगुरू गिडियन ब्यामुगिशा यांनी १९९२ मध्ये आपण स्वतः बाधित आहोत हे जाहीर केले. पुन्हा तेच वर्ष! आफ्रिकेतील मंडळींवर या एका कबुलीचा जो परिणाम झाला तो शंभर परिपत्रकांनी झाला नसता.

महाराष्ट्रात व भारतात या तपाच्या मध्यास संस्थांची संख्या वाढत गेली. पुण्यात 'प्रयास'ने १९९४ पासून आरोग्यक्षेत्रात काम सुरू केले. मुंबईत त्याच वर्षी 'हमसफर ट्रस्ट' स्थापन झाला. १९९७ मध्ये बाधितांचे अखिल भारतीय जाळे मद्रासला उभे राहिले आणि महाराष्ट्रातील बाधितांनीही आपले जाळे विणले. त्याच साली मुंबई उच्च न्यायालयाने, केवळ बाधित असल्याच्या कारणावरून काम करण्यास समर्थ माणसाला नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. पणजीच्या निकालानंतर आठच वर्षांत त्याच उच्च न्यायालयाचा सूर बदलला, त्याचे श्रेय न्यायमूर्तींइतकेच मधल्या काळात न्यायालयापुढे जाण्याचे धैर्य दाखविणाऱ्यांना आहे.

औषधाची कथा थोडक्यात सांगतो. पहिले औषध १९८७ मध्ये आले, पण विषाणू त्याला लवकरच दाद देईनासा होई. १९९६ मध्ये तीन औषधे एकत्र दिल्यास रोग आटोक्यात राहतो हे सिद्ध झाले. पाश्चात्त्य देशांत त्यांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या पदार्थावर नव्हे तर केवळ बनविण्याच्या कृतीवर पेटंट मिळत असे. त्यामुळे मुंबईच्या सिप्ला कंपनीला तीच औषधे आपल्या कृतीने बनविता आली. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीचे प्रमुख युसूफ हमीद यांनी सेवाभावी संस्थांना ती वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी दरात, देऊ केली. औषध आपल्याच मुंबईत बनत होते, आफ्रिकेला जात होते, आणि सांगलीच्या बाईला मात्र दिवसाचे ते पन्नास रुपयेही परवडत नव्हते. ३० नोव्हेंबर २००३ रोजी केंद्र सरकारने मोफत उपचाराची घोषणा केली आणि पुढल्या १ एप्रिलला आठ सरकारी रुग्णालयांत तो सुरू झाला.

येथे रामघाटाकडे पुन्हा पाहावे लागते. पहिली केंद्रे अधिक प्रादुर्भावाच्या सहा राज्यांत आणि दिल्लीत होती. महाराष्ट्र त्यांत होता, मध्य प्रदेश नव्हता. त्या एप्रिलमध्ये क्षिप्रेत एकाच पायरीवर स्नान करणाऱ्या दोन बाधितांपैकी मराठी मुलखातल्याला निदान मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचे दार उघडे होते. माळव्यातल्याला आपल्या राज्यात अजून वाट पाहावयाची होती. सरकारी आकडेवारीत ज्या प्रदेशाला 'कमी प्रादुर्भावाचा' म्हणतात तेथील रुग्णाची संख्या कमी असते, व्यथा कमी नसते. अशा प्रदेशात सोबतीला उभी राहणारी संघटनाही विरळा असते, कारण बाधितांना एकमेकांचा ठावच लागत नाही. गोकुळनगरची वस्ती एका जागी होती म्हणून तिला संघटना करता आली. मध्य भारतातील विखुरलेल्या खेड्यांतील रुग्ण एकेकटाच राहिला.

औषध आल्यावर लोकसंस्थांचे काम संपेल, असे अनेकांना वाटले होते. घडले उलटे. त्या वेळच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ, आयुष्यभर घ्यावयाच्या होत्या. महिन्याच्या साठ मात्रांपैकी तीनहून अधिक चुकू देऊ नका, असे समुपदेशक बजावीत. कारण मात्रा चुकली की विषाणूला औषध ओळखीचे होते आणि मग ते निकामी ठरते. पहिल्या वर्षांच्या गोळ्यांत स्टॅव्ह्युडीन हे औषध होते, त्याने पायांना मुंग्या येत आणि गालफडे बसत. बसलेली गालफडे पाहून शेजारी ओळखत. दुसरे औषध नेव्हिरापीन, त्याने काहींच्या अंगावर पुरळ उठे. रुग्ण घाबरून गोळ्या बंद करी. शिवाय आरंभी सीडी-४ पेशी २०० च्या खाली आल्याशिवाय औषध मिळत नसे, म्हणजे माणूस पुरता खचेपर्यंत थांबावे लागे. सांगलीहून मुंबई हा रात्रभराचा प्रवास, एक दिवसाची बुडालेली कमाई, रांग, तपासणी, आणि पुढल्या महिन्यात पुन्हा तेच. जिल्ह्याजिल्ह्यात केंद्रे उघडेपर्यंत हे चालले. सरकार गोळी देत होते. गोळी गिळली गेली की नाही हे पाहणारा माणूस सरकारकडे नव्हता. तो लोकसंस्थेकडे होता.

आणि याच सुमारास एक परीक्षा आली, जिचा आपल्याशी निकट संबंध आहे. २००३ च्या अमेरिकी कायद्याने एड्सनिर्मूलनासाठी मोठा निधी दिला, पण अट घातली की निधी घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध असल्याची लेखी प्रतिज्ञा करावी. या अटीमागे तेथील ख्रिस्ती लोकमताचा जोर होता. २००५ मध्ये 'संग्राम'ने ही प्रतिज्ञा नाकारली आणि अमेरिकी साहाय्य सोडून दिले. ज्या स्त्रिया आपल्याच संस्थेचा कणा आहेत त्यांच्याविरुद्ध सही कशी करावी, हा साधा प्रश्न होता. त्याच वर्षी ब्राझील देशानेही याच कारणास्तव चार कोटी डॉलर नाकारले. मे २००५ मध्ये एका अमेरिकी ख्रिस्ती संस्थेच्या पुढाकाराने गोकुळनगरावर पोलिसांचा छापा पडला. छाप्यामागील उद्देश अल्पवयीन मुलींना सोडविण्याचा होता, आणि तो उद्देश कोणीही नाकारणार नाही. परंतु प्रौढ स्त्रियाही उचलल्या गेल्या, वस्तीत पळापळ झाली, आणि तेरा वर्षांत जोडलेला विश्वास एका दिवसात डळमळला. मुलींची सुटका कशी करावी याविषयी दोन मते असू शकतात. पण ज्या संघटनेतील स्त्रियांना वस्तीचे दार न दार ठाऊक होते त्यांना विश्वासात न घेता हे करणे शहाणपणाचे नव्हते, असे माझे मत आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही प्रतिज्ञेची अट तेथील संस्थांपुरती घटनाबाह्य ठरविली. परदेशी संस्थांना मात्र २०२० च्या निकालाने ते संरक्षण नाकारले.

याच २००५ साली भारतातील कॅथलिक बिशप परिषदेने एचआयव्हीविषयीचे आपले धोरण प्रसिद्ध केले. करुणा आणि शुश्रूषा ही त्याची सूत्रे होती, आणि बाधितांविषयी भेदभाव मंडळीच्या संस्थांत चालणार नाही असा त्याचा आशय होता. यानंतरच्या काळात ख्रिस्ती रुग्णालये व धर्मभगिनींचे संघ यांनी जे काम केले ते मनापासून नमूद केले पाहिजे. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, २००७ ते २०१२ या काळात, देशभर सामुदायिक शुश्रूषा केंद्रे चालविण्यात आली. रुग्णाला औषध सुरू करताना काही दिवस ठेवून घेणे, आजार उलटला की सांभाळणे, हे त्यांचे काम. यांतील पुष्कळ केंद्रे धर्मभगिनींनी चालविली. ज्यांनी ती पाहिली त्यांना ठाऊक आहे की तेथे कोणाला 'कसे झाले' असे विचारीत नसत.

२००७ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. देशातील बाधितांचा अंदाज पन्नास लाखांहून अधिक धरला जाई. नव्या पाहणीनंतर तो एकदम सुमारे पंचवीस लाखांवर आला. आकडा निम्मा झाला की लक्षही निम्मे होते. २०१३ मध्ये खाटांची शुश्रूषा केंद्रे बंद करून त्यांच्या जागी 'विहान' या योजनेखाली आधार केंद्रे काढण्यात आली. ती चालविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर बाधितांच्याच जाळ्यांकडे आले. यात लाभ होता आणि हानीही. औषध सोडून गेलेल्याला शोधून परत आणण्याचे काम बाधित कार्यकर्ता उत्तम करतो. तो दार ठोठावतो तेव्हा त्याच्या खिशातही तीच डबी असते. पण जो उठूच शकत नाही त्याच्यासाठी खाट लागते, आणि खाटा नाहीशा झाल्या. घरच्यांनी टाकलेल्या मुलांची सोय तर खाजगी पुढाकारावरच राहिली. लातूर जिल्ह्यातील हासेगावच्या 'सेवालया'सारख्या संस्था त्यातून उभ्या राहिल्या.

२०१६ चा सिंहस्थ आला तेव्हा चित्र बरेच पालटले होते. २०१७ पासून पेशींची अट गेली आणि बाधा आढळताच औषध सुरू होऊ लागले. स्टॅव्ह्युडीन त्याआधीच मागे पडले होते, आणि बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरू लागली. रक्तातील विषाणू मोजता येणार नाही इतका दबला की संभोगातून त्याचा प्रसार होत नाही, हेही सिद्ध झाले. २०२३ पर्यंत देशात पंधरा लाखांहून अधिक लोक सरकारी औषधांवर होते. ज्या कायद्याने डॉमिनिकला कोंडले त्याच्या नेमका उलट कायदा संसदेने २०१७ मध्ये केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. संमतीवाचून तपासणी, गुप्ततेचा भंग, रुग्णालयात, शाळेत वा नोकरीत भेदभाव, यांस त्याने मनाई केली. मंडळीच्या शाळा, वसतिगृहे आणि रुग्णालये यांनाही तो लागू आहे, हे येथे सांगून ठेवतो. विवाहापूर्वी वधूवरांना तपासणीची सक्ती करू पाहणाऱ्या पाळकांनी तो जरूर वाचावा. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धंदा करणाऱ्या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा घटनादत्त हक्क आहे असे सांगून पोलिसांना तसे निर्देश दिले.

लूककृत शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाच्या दृष्टांतावर आपण पुष्कळ प्रवचने केली आहेत. त्यात एक सराईवाला आहे. जखमी माणसाला रस्त्यावरून उचलणे हे एका दुपारचे काम. त्याला पुढचे दिवस सांभाळणे हे सराईवाल्याचे. त्याला नाव नाही, त्याच्या धर्माचा उल्लेख नाही, आणि प्रवचनातही तो क्वचितच येतो.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, एसटी थांबली, आणि महिन्याच्या गोळ्यांसाठी जिल्ह्याच्या गावी येणाऱ्यांची वाट बंद झाली. तेव्हा केंद्रांनी दोन-दोन, तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात असे ठरले, आणि ज्यांना येताच येत नव्हते त्यांच्यापर्यंत त्या लोकसंस्थांच्या कार्यकर्त्यांनी पोहोचविल्या. दुचाकीवरून, कधी पायी, डबीवरचे लेबल काढून, घरच्यांना संशय येणार नाही अशा पिशवीत, कधी गावाबाहेरच्या थांब्यावर उभे राहून. धंदा करणाऱ्या स्त्रियांची कमाई त्या महिन्यांत पूर्ण बंद होती. तरी आपल्या वस्तीत कोणाच्या गोळ्या कोणत्या तारखेला संपतात, हे त्यांना पाठ होते.